शिराझ पाणचट लागते आहे: वास आहे, रंग आहे, पण अंग नाही

मोहाडी_मळा

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या लहान परवानाधारक युनिटमध्ये या हंगामात शिराझचा (लाल वाइनचं द्राक्ष) १.८ टनांचा चाचणी लॉट काढला. वासाला वाइन चांगली आहे, जांभूळ आणि काळी मिरी स्पष्ट येते. घोट घेतल्यावर सुरुवातीला चव लागते, मग जिभेच्या मध्यावर काहीच जाणवत नाही आणि गिळल्यावर लगेच सगळं संपतं. थोडक्यात, पाणचट.

तपशील असा. बाग ९ वर्षांची, डॉगरिज खुंटावर (कलमाखालचा मुळांचा भाग), अंतर ८ × ४ फूट. गोडी (फळांसाठीची) छाटणी सप्टेंबरअखेर, तोडणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. एकरी ७.५ टन माल निघाला. तोडणीआधी बागेत रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २२.५ होता. क्रश करताना सल्फर ५० पीपीएम, फर्मेंटेशन २६ ते २८ अंशांवर, दिवसातून दोनदा पंचिंग (वर आलेल्या साली खाली दाबणं), सहाव्या दिवशी प्रेस (साली पिळून वेगळ्या). मॅलोलॅक्टिक (कडक मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक होणं) पूर्ण झालं आहे.

प्रयोगशाळेचे आकडे: अल्कोहोल ११.४ टक्के, शिल्लक साखर लिटरला २ ग्रॅम, पीएच ३.९२, एकूण आम्ल लिटरला ४.६ ग्रॅम (टार्टरिकच्या हिशेबाने). आपोआप निथळलेली वाइन सुमारे १००० लिटर, प्रेसची १८० लिटर वेगळी ठेवली आहे.

दोन प्रश्न आहेत. आता टाकीत काय करता येईल? आणि पुढच्या हंगामात काय बदलायचं? ग्लिसरीन घातलं की अंग येतं असं एका पुरवठादाराने सुचवलं आहे, तेही विचारून ठेवतो.

पिंपवाले_काका

आधी ग्लिसरीनचा विषय संपवू. बाहेरून ग्लिसरीन घालणं ही भेसळ आहे, त्या वाटेला जाऊच नका. शिवाय त्याने काम होतही नाही. फर्मेंटेशनमध्ये यीस्ट स्वतःच लिटरला साधारण ५ ते १० ग्रॅम ग्लिसरॉल तयार करतं. तेवढ्याने किंचित गोडसरपणा जाणवतो. घट्टपणा जिभेला कळायला लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणजे कोरड्या वाइनमध्ये तो प्रश्नच येत नाही. १९८५ मध्ये ऑस्ट्रियात काही उत्पादकांनी हलक्या वाइनला गोडी आणि अंग यावं म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल घातल्याचं उघड झालं. त्या देशाची वाइन निर्यात कोसळली आणि कायदा कडक करावा लागला. पुरवठादाराला नम्रपणे नाही म्हणा.

आता तुमचे आकडे. २२.५ ब्रिक्सच्या रसातून कोरडी वाइन झाली तर ब्रिक्सला ०.५५ ते ०.६० ने गुणून अल्कोहोल येतं, म्हणजे १२.४ ते १३.५ टक्के. तुमच्याकडे आलं ११.४. साखर शिल्लक नाही, म्हणजे फर्मेंटेशन अर्धवट राहिलेलं नाही. मग दोनच शक्यता उरतात: मध्ये पाणी शिरलं, किंवा रस मुळात २२.५ चा नव्हताच.

पाण्याचा हिशेब करून बघू. १२.४ चं ११.४ व्हायला ११८० लिटरमध्ये किमान ९५ लिटर पाणी हवं. धुतलेली टाकी नीट निथळली नाही, पंपात आणि नळीत पाणी राहिलं, डीस्टेमरच्या (देठ वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) तळाशी साचलं, हे सगळं धरलं तरी १०-२० लिटरच्या पुढे जात नाही. लहान लॉटमध्ये तेही टाळायला हवं (५०० लिटरच्या टाकीत २० लिटर पाणी राहिलं तर १२.५ ची वाइन १२.० होते), पण तुमचा फरक त्याने भरत नाही. म्हणून माझा अंदाज असा की सगळ्या मालाचा खरा ब्रिक्स १९ ते २०.५ च्या दरम्यान होता आणि नमुना फसवा निघाला. नमुना कसा घेतला होता?

दुसरी गोष्ट. पाणचट म्हणजे फक्त अल्कोहोल कमी असं नाही. अंग बनतं अल्कोहोल, टॅनिन (साल-बियांतला तुरट घटक), आम्ल, साखर आणि यीस्टच्या पेशींमधून सुटणारी पॉलिसॅकराइडं यांच्या मिळून. तुमच्याकडे यातल्या तीन गोष्टी एकाच वेळी कमी आहेत: अल्कोहोल, आम्ल आणि बहुधा टॅनिन. ४.६ आम्लावर वाइन सपाटच लागणार. मधली चव नसणं यात टॅनिनचा वाटा मोठा, आणि गिळल्यावर चव लगेच संपणं यात आम्लाचा.

पीएच ३.९२ ही चवीच्याही पलीकडची काळजी आहे. या पीएचवर वाइन सुरक्षित ठेवायला मुक्त सल्फर साधारण ६० पीपीएम लागतो. ३.६ वर त्याच्या निम्म्यात काम होतं. मॅलोलॅक्टिक झालेलं आहे, तेव्हा सल्फर आजच मोजा. टाकी वरपर्यंत भरलेली नसेल तर ती आधी भरा.

मोहाडी_मळा

काका, आभार. नमुना दुपारी चारच्या सुमारास घेतला होता, रस्त्याकडच्या चार ओळींमधून, उन्हाच्या बाजूच्या घडांचे वरचे मणी. प्रत्येक मण्याचा थेंब थेट रिफ्रॅक्टोमीटरवर.

काडी_कात्री

मग काकांचा अंदाज बरोबर आहे. कडेच्या ओळींना ऊन जास्त, घडाच्या खांद्यावरचे मणी टोकाच्या मण्यांपेक्षा गोड, आणि पश्चिमेचं ऊन लागलेली बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा पुढे असते. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने चूक वाढवतात.

नमुना असा घ्या: सकाळी, कडेच्या ओळी आणि ओळीतल्या पहिल्या-शेवटच्या वेली सोडून, बागेत नागमोडी चालत २०० मणी. निम्मे एका बाजूचे, निम्मे दुसऱ्या. घडाचा खांदा, मध्य आणि टोक आलटून पालटून. सगळे एकत्र पिशवीत चेचा, गाळा, आणि त्या एकत्र रसाचा ब्रिक्स, पीएच आणि आम्ल, तिन्ही मोजा. शिराझमध्ये फक्त ब्रिक्स बघून तोडणी ठरवणं धोक्याचं, कारण शेवटच्या टप्प्यात हा मणी स्वतःचं पाणी सोडून सुरकुततो आणि ब्रिक्स पिकण्याशिवायही चढतो. क्रश झाल्यावर टाकी नीट ढवळून हायड्रोमीटरने पुन्हा मोजा, तापमान २० अंशांचं नसेल तर दुरुस्ती लावा. खरा आकडा तोच.

आता मूळ कारणाकडे येतो, ते बागेत आहे. ८ × ४ वर एकरी सुमारे १३६० वेली बसतात. ७.५ टन म्हणजे वेलीला साडेपाच किलो. शिराझचा घड १३० ग्रॅमचा धरला तर वेलीवर ४० च्या वर घड होते. एवढ्या मालाला रंग, टॅनिन आणि साखर पुरवायला पानं पुरत नाहीत. एक किलो मालामागे साधारण १ चौरस मीटर निरोगी, उन्हातलं पान हवं. डॉगरिजवर पानं भरपूर येतात हे खरं, पण निम्मी एकमेकांच्या सावलीत असतात, त्यांचा उपयोग नाही. लाल वाइनसाठी एकरी ४ टनांच्या आसपास थांबा, म्हणजे वेलीला २२-२३ घड.

विरळणीची वेळ फार महत्त्वाची आहे आणि इथे खाण्याच्या द्राक्षांची सवय नडते. मणी ज्वारीएवढे असताना घड काढले तर उरलेल्या घडांचे मणी फुगतात. टेबल ग्रेपला तेच हवं असतं, वाइनला नेमकं उलट. म्हणून मण्यात पाणी उतरायला (मणी मऊ होऊन रंग धरायला) लागलं की मागे राहिलेले हिरवे, कडक घड काढा. तोवर उरलेल्या मण्यांचा आकार बराचसा ठरलेला असतो.

आकाराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मणी १२ मिलीमीटरचा १४ झाला तर रस ५९ टक्क्यांनी वाढतो, सालीचं क्षेत्रफळ फक्त ३६ टक्क्यांनी. शिराझचा रंग सगळा सालीत, टॅनिन सालीत आणि बियांमध्ये. म्हणजे वाइनरीत पाण्याचा एक थेंबही न घालता, पाणी बागेतच घातलं गेलं. वाइनच्या बागेत जीएची (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाची) फवारणी नको ती याच कारणाने.

ठिबकचं काय केलं होतं? फळधारणेपासून पाणी उतरेपर्यंत थोडा ताण दिला तर मणी लहान राहतो. पाणी उतरल्यानंतर पूर्ण तोडू नका. फेब्रुवारीत मुरमाड जमिनीवर पाणी एकदम बंद केलं की खालची पानं पिवळी पडून गळतात, घड उघडे पडतात, मणी सुकतात. साखर वाढल्यासारखी दिसते, पण पिकत काहीच नाही. गरजेच्या निम्मं पाणी चालू ठेवावं आणि पानांकडे लक्ष ठेवावं. अवकाळी पाऊस झाला तर लगेच तोडू नका. घड आतून सुकू द्या, तीन-चार दिवसांनी पुन्हा २०० मण्यांचा नमुना काढा. फक्त कूज दिसली तर थांबायचं नाही.

पीएचबद्दलही बोलायला हवं. डॉगरिज जमिनीतून पोटॅशियम भरपूर उचलतं. ते रसात येतं, टार्टरिक आम्लाशी जोडलं जातं आणि पीएच वर जातो. शिराझ-डॉगरिज जोडीत ही तक्रार नेहमीची. देठ परीक्षण करा आणि गरज नसेल तर पाणी उतरण्याच्या काळातला ०-०-५० चा (पोटॅश खताचा) डोस बंद करा. माल रंगावर यावा, गोडी यावी म्हणून पोटॅश सोडण्याची पद्धत खाण्याच्या द्राक्षांची आहे, इथे ती घात करते. नवी लागवड असेल तर ११०आर खुंटाचा विचार करा. सल्ल्यासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहेच.

पिंपवाले_काका

काडी_कात्री यांनी बागेचं सगळं सांगितलं, वाइनरीचं एक जोडतो. सहा दिवसांत प्रेस केलंत ते लवकर झालं. रंग पहिल्या तीन ते पाच दिवसांत सुटतो, कारण तो पाण्यात विरघळतो. टॅनिनला, विशेषतः बियांच्या टॅनिनला, अल्कोहोल आणि वेळ दोन्ही लागतात. म्हणूनच तुमच्या वाइनला रंग आहे आणि अंग नाही. पुढच्या वेळी १२ ते १५ दिवस सालीवर ठेवा.

द्राक्षवेली

काका, इथे थोडी असहमत आहे. खरा ब्रिक्स २० च्या आसपास असेल तर बिया हिरव्याच असणार. अशा मालाला १५ दिवस सालीवर ठेवलं असतं तर अंग आलं नसतं, कडवटपणा आला असता, आणि तो काढायला पुन्हा फायनिंग (पदार्थ घालून नको ते खाली बसवणं) करावं लागलं असतं. तेव्हा या मालासाठी सहा दिवस चूक नव्हते. आधी बी चावून बघा: तपकिरी, कुरकुरीत आणि भाजल्यासारखी चव असेल तर १२ दिवस खुशाल ठेवा. हिरवी आणि जिभेला चिकटणारी असेल तर ब्रिक्स शून्यावर आला की प्रेस करा आणि टॅनिन सालीतूनच मिळवा.

सालीतून मिळवायचं म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत काम करायचं. क्रशनंतर ८-१० अंशांवर दोन-तीन दिवस थंड भिजवण, १०० किलोला २-३ ग्रॅम मॅसरेशन एन्झाइम, आणि फर्मेंटेशन जोरात असताना दोनऐवजी तीन-चार वेळा पंचिंग. कॅपच्या (वर तरंगणाऱ्या सालींच्या थराच्या) मधलं तापमान वेगळं मोजा. खालचा रस २६ असताना कॅप ३२ पर्यंत गेलेली असू शकते, आणि नुसतं वरून ओलं केल्याने ती आतून भिजत नाही.

क्रशच्या दिवशीच मणी मोठे दिसले तर आणखी एक उपाय आहे: फर्मेंटेशन सुरू होण्यापूर्वी टाकीतला १० ते १२ टक्के रस खालून काढून घ्यायचा. त्याची रोझे करा, वाया जात नाही. उरलेल्या रसाला सालींचं प्रमाण जास्त मिळतं. मात्र याने साखर वाढत नाही, २० ब्रिक्सचा रस २० चाच राहतो. रंग आणि टॅनिन तेवढं घट्ट होतं. १५ टक्क्यांच्या पुढे गेलात तर वाइन तुरट आणि बेडौल होते.

सुकेणेकर

मध्येच विचारतो. आमची शेनिन ब्लाँक (पांढरी वाइन) अशीच पुळचट लागते. अल्कोहोल १२.२, आम्ल ६.२, पीएच ३.३. आकडे तर ठीक आहेत ना? बेंटोनाइट (प्रथिनं काढणारी माती) १०० लिटरला १०० ग्रॅम वापरलं होतं.

द्राक्षवेली

सुकेणेकर दादा, आकडे उत्तम आहेत, बेंटोनाइट फार झालं. पांढऱ्या वाइनला बहुतेक वेळा १०० लिटरला ३० ते ६० ग्रॅम पुरतं. जास्तीचं बेंटोनाइट प्रथिनांबरोबर वासही ओढून नेतं, आणि तळाला जाड गाळ बसतो त्यात वाइन अडकते ते वेगळंच. आधी १०० मिलीलिटरच्या बाटल्यांत ३०, ४५, ६० अशा मात्रा लावा, गाळा, ८० अंशांवर सहा तास ठेवा, थंड करा. जी सर्वांत कमी मात्रा धूसर होत नाही ती घ्या.

शेनिनला टॅनिनचा आधार नसतो. तिचं अंग यीस्टच्या बारीक गाळातून येतं. पहिल्या रॅकिंगला (गाळ सोडून वाइन दुसऱ्या टाकीत घेताना) जाड गाळ सोडा, बारीक गाळ मात्र तीन महिने ठेवा आणि आठवड्यातून एकदा ढवळा. सल्फर राखा, टाकी भरलेली ठेवा. कुजक्या अंड्याचा वास आला तर ढवळणं थांबवून लगेच रॅकिंग करा. बाटलीत भरण्याआधी लिटरला ३-४ ग्रॅम साखर राहू दिली तर चव भरते, पण मग ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर सक्तीचा. नाहीतर बाटलीत पुन्हा फर्मेंटेशन सुरू होईल.

आणि दोघांनाही सांगते: निर्णय घेण्याआधी पाहुण्या जिभेला चव द्या, पण तापमान नीट ठेवून. लाल १६-१८ अंशांवर, शेनिन १०-१२ वर. फ्रिजमधून थेट काढलेली लाल वाइन चांगली असली तरी पातळ आणि तुरट लागते. नाशिकच्या मार्चमधल्या खोलीत ठेवलेली असेल तर नुसता अल्कोहोल नाकात जातो. शिवाय कॉर्कच्या बाटलीत टीसीएचा (कॉर्कमधून येणाऱ्या रसायनाचा) दोष अगदी थोडा असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येत नाही, फक्त फळाचा वास दबतो आणि वाइन पोकळ वाटते. त्यामुळे एका बाटलीवरून ठरवू नका, दुसरी उघडा.

मोहाडी_मळा

बी चावून बघितली नव्हती, पण प्रेसमधून निघालेल्या चोथ्यातल्या बिया अजून आहेत, बहुतेक हिरवट. ठिबक तोडणीच्या आदल्या आठवड्यापर्यंत पूर्ण चालू होतं. पुढच्या वर्षीचं चित्र स्पष्ट झालं. आता हे ११८० लिटर? प्रेसची वाइन चवीला तुरट आहे, थोडी कडवट, पण भरलेली लागते.

पिंपवाले_काका

द्राक्षवेली ताईंचं बियांबद्दलचं म्हणणं मान्य. हिरव्या बियांवर १५ दिवस नकोच.

प्रेसची वाइन हेच तुमचं पहिलं औषध. मोजनळी, पिपेट आणि १०० मिलीलिटरच्या पाच बाटल्या घ्या. निथळलेल्या वाइनमध्ये प्रेसची वाइन ०, ५, ८, १२ आणि १५ टक्के मिसळा, बाटल्यांवर फक्त क्रमांक लिहा, आणि तीन जणांना न सांगता चव द्या. बहुधा ८ ते १२ मध्ये उत्तर मिळेल. प्रेसच्या वाइनचा पीएच सहसा आणखी वर असतो, म्हणून आम्ल नंतर दुरुस्त करायचं, आधी नाही.

मग आम्ल. १० ग्रॅम टार्टरिक पाण्यात विरघळवून १०० मिलीलिटर करा. या द्रावणाचा १ मिलीलिटर १०० मिलीलिटर वाइनमध्ये घातला की लिटरला १ ग्रॅम झालं. निवडलेल्या मिश्रणात ०.५, १, १.५ आणि २ ग्रॅम लावून बघा. साधारणपणे १ ग्रॅमने पीएच ०.१ ने उतरतो, पोटॅशियम जास्त असलं तर त्याहून कमी. पीएचच्या मागे लागून ३ ग्रॅम घालू नका. अंग नसलेल्या वाइनला जास्त आम्ल दिलं की ती पाणचटाची आंबट पाणचट होते. माझ्या मते तुम्ही १.५ वर थांबाल. लक्षात ठेवा, पीएच साधारण ३.६५ च्या वर असताना थंडीत टार्टरिकचे खडे बसले की पीएच आणखी चढतो. म्हणून नमुना तीन दिवस शून्याच्या आसपास ठेवून, गाळून, पुन्हा मोजा आणि मगच टाकीची मात्रा ठरवा.

टॅनिन सर्वांत शेवटी, कारण आम्ल वाढलं की तुरटपणाही जास्त जाणवतो. १ ग्रॅम टॅनिनचं १०० मिलीलिटर द्रावण करा. त्याचा १ मिलीलिटर १०० मिलीलिटर वाइनमध्ये म्हणजे १०० लिटरला १० ग्रॅम. ५ पासून सुरू करा, २० च्या वर जाऊ नका. द्राक्षाच्या सालीचं टॅनिन घ्या, बियांचं नको, ते प्रेसमधून आलेलंच आहे. टॅनिन ताजं असताना कडक लागतं, म्हणून बाटलीतली चव तीन-चार दिवसांनी पुन्हा घ्या. ओक चिप्स वापरायचे तर लिटरला २ ग्रॅम, सहा आठवडे, दर आठवड्याला चव घेत. त्याहून जास्त ओक पातळ वाइनवर लाकडासारखा वेगळा तरंगतो.

अल्कोहोल यापैकी कशानेही वाढणार नाही. घरात १३.५ ची कॅबर्ने असेल तर १५ टक्के मिसळल्यावर ११.७ पर्यंत जाल. आकड्यात थोडं, चवीत बरंच, कारण कॅबर्नेचं टॅनिनही सोबत येतं.

फायनिंग करू नका, या वाइनमध्ये काढून टाकण्यासारखं काही नाही. फिल्टर खरखरीत पॅडवर एकदाच, आणि फिल्टर सुरू होताना पॅड धुतलेलं पाणी पुढच्या टाकीत जाऊ देऊ नका. पहिले पाच-सात लिटर वेगळे काढा.

काडी_कात्री

ठिबक शेवटपर्यंत पूर्ण चालू होतं म्हणता, तर एप्रिलच्या खरड छाटणीतच पुढच्या वर्षीचं काम सुरू करा. काड्या मोजून ठेवा, दाट फुटवा वेळेवर काढा. आणि एका ओळीत घड ४० वरून २२ वर आणा, शेजारच्या ओळीत तसेच ठेवा. दोन्हींचा २०० मण्यांचा नमुना घेऊन मण्यांचं वजनही करा. दोन्ही ओळींचा माल ५०-५० लिटरच्या डब्यांत वेगळा आंबवा, म्हणजे पूर्ण बागेची विरळणी करायची की नाही ते तुमच्याच मालावरून कळेल.